सोडण्याची विद्या

संगणकात एका वेळी शेकडो कामे चालू असतात आणि त्या सगळ्यांना वेगवेगळी देता येतील इतकी साधने त्यात कधीच नसतात. प्रोसेसर मोजके, मेमरी मोजकी, डिस्क बहुधा एकच, प्रिंटर एक. तरी प्रत्येक प्रोग्रॅम असा लिहिलेला असतो की सगळे यंत्र जणू त्याच्या एकट्याच्या मालकीचे आहे. हे निभावते ते ऑपरेटिंग सिस्टीममुळे. कोणाला काय द्यायचे, किती वेळ द्यायचे, दुसऱ्याला कुठे थांबवायचे आणि दिलेले परत कधी घ्यायचे, हा तिचा अहोरात्र चाललेला कारभार. त्याची ओळख मराठी वाचकाला व्हावी म्हणून हे पुस्तक लिहिले.

या कारभाराच्या दोन बाजू आहेत: साधने वाटून देणे आणि ती मोकळी करून घेणे. पाठ्यपुस्तकांत पहिल्या बाजूला प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात. दुसरीच्या वाट्याला बहुधा एक वाक्य येते: काम झाले की साधन सोडून द्यावे. पण काम झाले हे ठरवायचे कोणी? साधन हातात असतानाच प्रोग्रॅम कोसळला तर? एकच फाइल चौघांनी उघडली असेल, तर आपण शेवटचे आहोत हे शेवटच्याला कसे कळणार? चार साधने मिळाली आणि पाचवे मिळाले नाही, तर आधीची चार कोणत्या क्रमाने परत करायची? ऑपरेटिंग सिस्टीमच्या साठ वर्षांच्या वाटचालीतले सर्वांत अवघड प्रश्न आणि सर्वांत देखणी उत्तरे या दुसऱ्या बाजूला आहेत, असे माझे मत आहे. पुस्तकाचा तोल मी मुद्दामच तिकडे झुकवला आहे.

हे मत बनले ते कारखान्यांच्या परिसरात. रायपूरच्या उत्तरेला, बीरगावला लागून असलेले उरला हे लोखंडाचे गाव झाले आहे: रोलिंग मिल, फेरो अलॉयचे कारखाने, आणि बिलासपूर रस्त्याने पुढे सिलतऱ्यापर्यंत स्पंज आयर्नच्या भट्ट्या. इथे आत येणारा आणि बाहेर जाणारा मालाचा ट्रक वजनकाट्यावरून जातो. इथले लोक त्याला धरमकाटा म्हणतात. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल असतात, शेजारच्या खोलीत वजन दाखवणारा इंडिकेटर असतो, आणि त्या इंडिकेटरपासून संगणकापर्यंत एक सिरियल केबल आलेली असते. इंडिकेटर त्या केबलवरून आकडे पाठवत राहतो. काट्याचा प्रोग्रॅम ते वाचतो, भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करतो आणि पावती छापतो. विंडोजमध्ये हा सिरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला उघडता येतो. तो वाटून घेण्याची सोय नाही.

आता प्रिंटरमध्ये कागद अडकतो आणि छपाईची वाट पाहत प्रोग्रॅम जागच्या जागी थिजतो. ऑपरेटर खिडकी बंद करतो. खिडकी पडद्यावरून जाते, पण मागे प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, जिवंतच राहते. तो पुन्हा चिन्हावर क्लिक करतो. नवा प्रोग्रॅम उघडतो, पोर्ट मागतो आणि उत्तर येते की पोर्ट दुसऱ्याकडे आहे. मग केबल काढून घालून बघतात, इंडिकेटर बंद करून चालू करतात, कोणीतरी लोडसेलवर संशय घेते. तोवर फाटकाबाहेर ट्रकची रांग लागलेली असते. शेवटी संगणक बंद करून चालू केला जातो आणि सगळे सुरळीत होते. काय बिघडले होते ते मात्र कोणाला कळत नाही, म्हणून आठवड्याभरात पुन्हा तेच घडते.

बिघडले काहीच नव्हते. प्रोग्रॅम संपला असता तर विंडोजने त्याने उघडलेला पोर्ट आपण होऊन बंद केला असता. पण तो संपला नव्हता, नुसता अडकला होता. आणि वाट पाहणारा प्रोग्रॅम व कायमचा अडकलेला प्रोग्रॅम यांतला फरक ऑपरेटिंग सिस्टीमला बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून तिने पोर्ट काढून घेतला नाही, आणि ते योग्यच होते. चूक प्रोग्रॅम लिहिणाराची: छपाईसारखे बेभरवशाचे काम करताना त्याने पोर्ट हातात धरून ठेवला, थांबण्याला मुदत घातली नाही, आणि खिडकी बंद होते त्या वाटेवर पोर्ट सोडण्याची ओळ लिहिली नाही. हे समजलेला माणूस टास्क मॅनेजर उघडतो, जुनी प्रोसेस मारतो आणि एका मिनिटात काटा चालू करतो.

सुरुवातीच्या संगणकांना हा प्रश्न पडला नव्हता. एक काम चढवायचे, ते संपले की दुसरे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हे देशी बनावटीचे यंत्र रुजू झाले आणि १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. देशभरच्या संस्थांची कामे पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांनी तिथे येत. इतके महागडे यंत्र एखादी टेप फिरेपर्यंत रिकामे बसावे हे जगात कुठेच परवडण्यासारखे नव्हते. म्हणून अनेक कामे एकदम मेमरीत ठेवून, एक थांबले की दुसऱ्याला प्रोसेसर देण्याची पद्धत आली. एमआयटीच्या सीटीएसएसचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले, मँचेस्टरचे अ‍ॅटलस १९६२ मध्ये सुरू झाले. त्या क्षणापासून दोन कामे एकाच वस्तूला एकदम हात घालू लागली.

या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते नेदरलँड्सच्या एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी. दोन प्रोसेसना एकमेकींच्या पायात न येता एक वस्तू कशी वापरता येईल, याचे पहिले बिनचूक उत्तर त्यांचे देशबांधव डेकर यांनी काढले होते. डाइक्स्ट्रांनी १९६५ मध्ये ते कितीही प्रोसेसना लागू होईल असे करून दाखवले. तो निबंध जेमतेम पानभराचा आहे. त्याच सुमारास त्यांनी सेमाफोर ही कल्पना मांडली, तिचे नाव रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून घेतले, आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आइंडहोव्हनच्या आपल्या सिस्टीममध्ये ती वापरली. सेमाफोर म्हणजे एक आकडा आणि एक रांग. साधन घेताना आकडा एकाने उतरतो, सोडताना चढतो. आकडा शून्यावर असेल तर येणारा रांगेत झोपतो आणि सोडणारा त्याला जागे करतो.

रेल्वेचा उल्लेख आलाच आहे, तर इथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्या विषयाचा जुना आणि कसून तपासलेला नमुना भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर आहे. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ, आणि गाड्या दोन्ही बाजूंनी. जुन्या पद्धतीत दोन्ही स्टेशनांवर नीलचे बॉल टोकन यंत्र असते. त्यात पोलादी गोळे असतात, आणि ती दोन यंत्रे तारेने अशी बांधलेली असतात की एका वेळी दोन्हींतून मिळून एकच गोळा बाहेर निघू शकतो. पुढच्या स्टेशन मास्तरने लाइन क्लिअर दिल्यावर गोळा निघतो, तो कड्याला लावलेल्या पिशवीतून ड्रायव्हरच्या हातात जातो, आणि तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हर त्या टप्प्यात गाडी घालत नाही. पुढच्या स्टेशनावर गोळा तिथल्या यंत्रात जातो. इथवरची हकिगत म्हणजे संगणकातले लॉकच: ते ज्याच्या हाती, त्यालाच साधन.

खरी शिकवण पुढे आहे. गोळा परत आला म्हणजे रूळ मोकळा झाला, असे रेल्वे मानत नाही. गाडी पूर्ण आली का? चढावर कपलिंग तुटून चार डबे मागे राहिले असतील तर? म्हणून शेवटच्या डब्यावरची एल. व्ही.ची पाटी, रात्री असेल तर मागचा लाल दिवा, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टप्पा मोकळा झाल्याचे कळवत नाहीत. आता जिथे अ‍ॅक्सल काउंटर बसवले आहेत तिथे यंत्रच चाकांचे आस मोजते. जितके आत गेले तितके बाहेर आले तरच टप्पा मोकळा. आणि गोळा हरवला तर? तर ती यंत्रे तशीच वापरता येत नाहीत. लेखी परवानगीने, वेगळ्या आणि सावकाश पद्धतीने गाड्या सोडाव्या लागतात. मोकळे झाल्याची खात्री, आणि खूण हरवली तर काय करायचे याची आधीच लिहून ठेवलेली रीत, या दोन गोष्टी सॉफ्टवेअरवाल्यांना कळायला पुढे कित्येक दशके लागली.

साधने एकाहून जास्त झाली की नवे संकट उभे राहते. माझ्याकडे टेप आहे, मला प्रिंटर हवा. तुमच्याकडे प्रिंटर आहे, तुम्हाला टेप हवी. दोघेही वाट पाहत बसलो. याला डेडलॉक म्हणतात. आयबीएमच्या ओएस/३६० वर काम करणाऱ्या हॅवेंडर यांनी १९६८ मध्ये त्याचे साधे औषध सांगितले: सगळ्या साधनांना क्रमांक द्या आणि प्रत्येकाने चढत्या क्रमानेच ती मागावीत. कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये डेडलॉक व्हायला कोणत्या चार अटी एकदम जुळाव्या लागतात हे मांडले. डाइक्स्ट्रांची बँकर पद्धत याहून हुशार आहे. कोणालाही काही देण्यापूर्वी ती पाहते की हे दिल्यावर सगळ्यांचे काम कोणत्या तरी क्रमाने पुरे होईल ना. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षांत तिच्यावरचे गणित हमखास येते. प्रत्यक्षात ती फारच थोड्या ठिकाणी वापरली जाते, कारण प्रत्येक प्रोग्रॅमने आपली कमाल गरज आधीच जाहीर करावी अशी तिची अट आहे आणि ती कोणालाच पाळता येत नाही. हॅवेंडरचा क्रमांकाचा नियम मात्र आजही कामाला येतो. इंगो मोल्नार यांनी २००६ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आणलेला लॉकडेप हा तपासनीस दुसरे काय करतो? कोणते लॉक कोणाच्या आधी घेतले गेले याची नोंद ठेवतो, आणि क्रम उलटला की डेडलॉक व्हायच्या आधीच बोंब ठोकतो.

सेमाफोरचा दोष असा की घेणे आणि सोडणे या दोन सुट्या ओळी असतात, आणि दुसरी विसरता येते. पेर ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होर यांनी १९७३-७४ मध्ये मॉनिटर मांडला तो या दोषावर. सामायिक माहिती आणि तिला हात लावणारी कामे एका कुंपणात ठेवायची. आत शिरताना लॉक आपोआप लागते, बाहेर पडताना आपोआप सुटते. जावामधले सिंक्रोनाइज्ड याच घराण्यातले. दुसरे घराणे म्हणते की सामायिक काही ठेवूच नका. प्रत्येक वस्तूला एकच मालक असू द्या आणि बाकीच्यांनी त्याला निरोप पाठवावेत. ब्रिंच हॅन्सन यांचीच आरसी ४००० ही सिस्टीम या विचाराची पहिली ठळक खूण. दोन्ही घराण्यांत बरेच वाद झाले, पण लाउअर आणि नीडहॅम यांनी १९७८ मध्ये दाखवले की एकातली रचना दुसऱ्यात जशीच्या तशी मांडता येते. मग निवड यंत्रावर अवलंबून राहते. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभा केलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर या प्रकारच्या प्रोसेसरांचा बनला होता, आणि प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी स्वतःची. तिथे निरोपाशिवाय दुसरा मार्गच नव्हता.

युनिक्सला मी पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत, आणि त्याचे कारण वाचकाला आधीच सांगायला हवे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून घडवलेल्या या सिस्टीममध्ये सोडण्याच्या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरे शेजारी शेजारी पाहायला मिळतात, चांगलीही आणि फसलेलीही. फाइल उघडली की प्रोसेसला एक क्रमांक मिळतो; त्या क्रमांकामागे कर्नल मोजत असते की ही फाइल किती जणांनी धरली आहे. सगळ्यांनी सोडली की मगच ती खरी सुटते. यातून एक गंमत घडते, जिने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. सर्व्हरची डिस्क भरते. कोणीतरी भलीमोठी लॉग फाइल पुसून टाकते. फाइल यादीतून जाते, पण डिस्कवर जागा मात्र होत नाही. कारण पुसले ते फक्त नाव. ज्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवली आहे तो ती सोडेपर्यंत फाइल डिस्कवर शाबूत असते. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा एकदम परत येते.

प्रोसेस मरते तेव्हा युनिक्स तिची मेमरी, उघड्या फाइली, फाइलींवरची लॉक, सगळे आपण होऊन परत घेते. मागे उरते ती प्रोसेसच्या तक्त्यातली एक ओळ, ज्यात ती कशी मेली याची नोंद असते. जन्मदात्या प्रोसेसने ती वाचेपर्यंत ओळ पुसत नाहीत. अशा मेलेल्या पण नोंद न मिटलेल्या प्रोसेसला झोंबी म्हणतात. जन्मदातीच आधी मेली तर पहिली प्रोसेस या अनाथांना पदरात घेते आणि त्यांची नोंद मिटवते. ही व्यवस्था मला फार आवडते: प्रत्येक मरणाला कोणीतरी जबाबदार आहे.

याच्या अगदी उलट युनिक्सच्या सिस्टीम फाइव्ह या आवृत्तीतले सेमाफोर आणि सामायिक मेमरी. त्यांना मालकच नाही. ज्याने ती निर्माण केली ती प्रोसेस मेली तरी ती कर्नलमध्ये तशीच पडून राहतात. आयपीसीएस ही आज्ञा देऊन ती शोधायची आणि आयपीसीआरएम देऊन हाताने काढायची. सेमाफोरपुरता एक तोडगा आहे: प्रोसेस मेली तर तिने सेमाफोरवर केलेले फेरफार कर्नलने उलटे फिरवावेत. त्यात एक खोल चूक आहे, आणि ती समजली की हा विषय निम्मा समजला. लॉक धरलेली प्रोसेस मेली याचा अर्थ ती लॉकखालच्या माहितीत फेरफार करता करता मेली असू शकते. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा व्हायचे राहिले. अशा वेळी लॉक निमूटपणे सोडून देणे म्हणजे अर्धी गाडी रुळावर असताना टप्पा मोकळा झाल्याचे कळवणे. लिनक्समध्ये २००६ मध्ये आलेल्या रोबस्ट फ्युटेक्सने याचे प्रामाणिक उत्तर दिले. मालक मेला तर लॉक पुढच्याला मिळते, पण सोबत सूचनाही मिळते की आधीचा मालक लॉक हातात असताना मेला आहे. माहिती तपासून, सावरून, ती पुन्हा धड झाल्याचे पुढच्याने जाहीर करायचे. त्याने तसे न करताच लॉक सोडले तर ते लॉक कायमचे निकामी ठरते.

लिनक्सचा स्वतःचा प्रवासही बोधप्रद आहे. अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रांसाठी १९९६ मध्ये सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठे लॉक घातले गेले. ते तुकड्या तुकड्याने काढता काढता २०११ उजाडले. २००२ मध्ये पॉल मॅकेनी आणि दीपंकर सर्मा यांच्या कामातून आरसीयू ही रीत कर्नलच्या विकासशाखेत आली. तिच्यात वाचणारा लॉक घेतच नाही. बदल करणारा जुन्या माहितीची नवी प्रत तयार करतो, सगळ्यांना तिच्याकडे वळवतो आणि जुनी प्रत लगेच टाकून देत नाही. ती वाचायला आधीच बसलेले सगळे उठेपर्यंत थांबतो. कधी सोडायचे या एका प्रश्नावर उभी राहिलेली ही रीत आज कर्नलमध्ये हजारो ठिकाणी आहे.

काही ठिकाणी उशीर हाच बिघाड असतो. ४ जुलै १९९७ रोजी नासाचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने एक लॉक धरले होते. माहितीच्या बसची देखरेख करणारे अतिशय महत्त्वाचे काम त्या लॉकसाठी थांबले होते. आणि मधल्या दर्जाचे एक लांबलचक काम येऊन पहिल्याला बाजूला सारत होते. देखरेखीचे काम वेळेत झाले नाही हे पाहून यंत्र स्वतःला रीसेट करी. उपाय आधीच ठाऊक होता. लुइ शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये मांडला होता: ज्याच्यामुळे महत्त्वाचे काम अडले आहे त्याला तेवढ्यापुरता तोच दर्जा द्या, म्हणजे तो लवकर मोकळा होईल. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही सोय होती, फक्त त्या लॉकसाठी बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली गेली. हा प्रसंग अवकाशातला असला तरी रोलिंग मिलच्या नियंत्रण यंत्रणेतही हाच धोका असतो, आणि तिथे उशीर झाला तर लाल पट्टी स्टँडमध्ये अडकून वेटोळी घालते.

यंत्रे अनेक झाली की लॉक कुठे ठेवायचे हाच प्रश्न होतो. रिकार्ट आणि अशोक अग्रवाला यांनी १९८१ मध्ये सगळ्यांची परवानगी मागण्याची रीत दिली. दुसऱ्या पंथाने एकच टोकन फिरवले. टोकन हरवले किंवा ते घेऊन एखादे यंत्रच बंद पडले तर काय, यावर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय ढमढेरे आणि संदीप कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये ठरावीक संख्येइतकी यंत्रे पडली तरी तगणारी टोकनची रीत प्रसिद्ध केली. ढमढेरे सरांचे सिस्टीम्स प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटिंग सिस्टीमवरचे ग्रंथ देशभरच्या विद्यार्थ्यांनी वाचले आहेत. या विषयाला मराठी माणसाचा हातभार किती जुना आहे हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून इथे आवर्जून नोंदवतो. याहून वेगळ्या वाटेने ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ मध्ये लीज मांडले: साधन द्यायचे ते मुदतीने, मुदत संपली की ते आपोआप परत. आज मोठमोठ्या डेटा सेंटरमधली लॉक याच मुदतीच्या तत्त्वावर चालतात. त्यातही एक सापळा आहेच. मुदत संपल्याचे न कळलेला जुना धारक उशिरा जागा होऊन लिहायला लागतो. म्हणून प्रत्येक लीजला चढता क्रमांक देऊन जुन्या क्रमांकाचे लिखाण नाकारावे लागते.

भाषांनीही हे ओझे वाटून घेतले. १९६० मध्येच लिस्पने न वापरलेली मेमरी आपोआप गोळा करायला सुरुवात केली, पण मेमरी गोळा करणारा फाइल किंवा पोर्ट वेळेवर सोडेल याची हमी देत नाही, आणि हा भेद न कळल्याने आजही पुष्कळ प्रोग्रॅम गोत्यात येतात. सी++ ने वस्तूच्या आयुष्याशी साधनाचे आयुष्य बांधले. २०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेल्या रस्टने प्रत्येक वस्तूचा मालक कोण हे कंपायलरलाच तपासायला लावले. डिसेंबर २०२२ पासून रस्ट लिनक्स कर्नलमध्ये आहे. आणि कर्नलच्या सी भाषेतल्या भागातही २०२३ पासून, चौकट संपली की साधन आपोआप सुटावे, अशी सोय आली.

हे सगळे आजच का वाचायचे? कारण साधन न सोडण्याची किंमत आता प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइडचे एखादे अ‍ॅप फोनला झोपू न देणारे वेक लॉक घेते आणि सोडायचे विसरते. बॅटरी दुपारपर्यंत संपते. क्लाउडवर भाड्याने घेतलेले यंत्र काम झाल्यावर सोडले नाही तर बिल चालूच राहते. जानेवारी २००८ च्या कर्नलपासून लिनक्समध्ये आलेल्या सीग्रुपवर आजचे कंटेनर उभे आहेत, आणि त्यांचे मर्म हेच आहे की कामांच्या एका टोळीने काय घेतले याचा हिशेब एकत्र ठेवता यावा आणि ती टोळी संपवली की सगळे एकदम परत घेता यावे.

मराठीतच का, हेही सांगतो. २०२१-२२ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण प्रादेशिक भाषांतून देण्याची मुभा मिळाली आणि पिंपरी चिंचवडला संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्गही सुरू झाला. पुस्तके मात्र बहुतेक इंग्रजीच्या सावलीत लिहिलेली आहेत. रायपूर, भिलाई, नागपूर या पट्ट्यात घरी मराठी, बाजारात हिंदी किंवा छत्तीसगढी आणि मॅन्युअल इंग्रजी अशा स्थितीत वाढलेली शेकडो मुले कारखान्यांच्या संगणकांवर काम करतात. त्यांना यातले शब्द येतात. त्या शब्दांमागे काय घडते ते समजावून सांगणारे कोणी भेटत नाही. म्हणून लॉक, थ्रेड, प्रोसेस, कर्नल हे शब्द मी तसेच ठेवले आहेत. त्यांना संस्कृत प्रतिशब्द घडवून वाचकावर दुहेरी ओझे टाकायचे नव्हते.

पुस्तक कोणत्याही एका सिस्टीमची मार्गदर्शिका नाही. थोडी सी भाषा येणाऱ्या, पदविकेच्या किंवा पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे. पण ज्याने एखादा वजनकाटा, एखादा सर्व्हर किंवा एखादे दुकानाचे बिलिंग सांभाळले आहे त्यालाही ते झेपावे असा प्रयत्न आहे. प्रत्येक साधनाशी मी तेच प्रश्न घेऊन जातो: ते आत्ता कोणाकडे आहे, ते सोडायची जबाबदारी कोणाची, धरणारा मध्येच मेला तर ते कोण उचलणार, आणि उचलले तेव्हा त्याच्याखालची माहिती धड होती का. इतिहास आणि वाद आले आहेत ते या प्रश्नांच्या अनुषंगाने. शेड्युलिंगचे तपशील, फाइल सिस्टीमची रचना, सुरक्षा हे मोठे विषय आहेत. जिथे ते या प्रश्नांना भिडतात तेवढेच घेतले आहेत, आणि बाकीच्यासाठी इतर ग्रंथांकडेच जावे लागेल.

वाचकाला एक विनंती. यातली उदाहरणे नुसती वाचू नका. आपल्या यंत्रावर चालवा, आणि चालू असताना मध्येच प्रोसेस मारून पाहा. फाइल उघडी असताना मारा, लॉक हातात असताना मारा, सामायिक मेमरी अर्धी लिहिलेली असताना मारा. मग मागे काय पडून राहिले ते आज्ञा देऊन शोधा आणि वहीत लिहून ठेवा. पुस्तकातल्या वर्णनाशी ते जुळले नाही तर मला कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल.

उरला, रायपूर